एकट्याचा वाद्यवृंद : स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीतकाराची वाटचाल

ज्या संगीतात ध्वनीचा उगम तार, चामडे किंवा कंठ यांत नसून विद्युत मंडलात अथवा संगणकात असतो, त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. आणि चाल बांधण्यापासून ध्वनिमुद्रण, मिश्रण व प्रकाशन यांपर्यंतची सगळी कामे जो एकहाती करतो व कोणत्याही ध्वनिमुद्रिका कंपनीशी कराराने बांधलेला नसतो, तो या क्षेत्रातला स्वतंत्र संगीतकार. नागपूरपासून मुंबई लोहमार्गाने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि विदर्भातल्या होतकरू संगीतकाराला एके काळी हे अंतर कापल्यावाचून व्यावसायिक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पाऊल टाकता येत नसे. आज ती खोली त्याच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये आहे. मात्र या सोयीवरून पेशाच सोपा झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण एकट्याने असे संगीत घडवणे महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वीही साधले होते. साधले नव्हते ते त्या संगीताला श्रोता मिळवून देणे आणि त्याची मिळकत कर्त्याच्या नावे लावणे, आणि आजही खरा कस लागतो तो येथेच.

इलेक्ट्रॉनिक ध्वनी हा महानगरांतल्या क्लबांमधून आलेला परका प्रकार आहे, ही समजूत नागपूरकरांच्या बाबतीत तरी मुळीच टिकत नाही. विदर्भातल्या वरातींत बँडवाले हमखास वाजवतात ती नागिणीची धून ज्या चित्रपटातून आली, त्या १९५४ च्या ‘नागिन’मध्ये संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजी वीरजी शाह यांनी पुंगीचा तो प्रसिद्ध स्वर क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या, निर्वात नळ्यांच्या छोट्या कळवाद्यावर काढला होता, म्हणजे वरातीतली सर्वांत ओळखीची धून जन्मतःच इलेक्ट्रॉनिक आहे. नागपुरात आणि शेजारच्या छत्तीसगडात लोकप्रिय असलेल्या धुमाल पार्ट्यांनीही ढोल-ताशांच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड केव्हाच सामावून घेतले आहेत. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकटींचे तालवाद्य. चौकटीवर काठी पडली की तिला नेमून दिलेला ध्वनी, मग तो ढोलकीचा असो की झांजेचा, ध्वनिक्षेपकातून बाहेर पडतो. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेले हे वाद्य संदलच्या मिरवणुकीत, गणपतीत आणि वरातीत वाजवणारे हात स्वतःला इलेक्ट्रॉनिक संगीतकार म्हणवत नाहीत, पण ध्वनी आधी यंत्रात बसवून मग हाताने सोडण्याची कला त्यांना चांगली अवगत असते, आणि या शहरात घडू पाहणाऱ्या नव्या संगीतकाराला हा तयार कान आयता मिळतो.

या पेशाचा महाराष्ट्रातला सर्वांत बोधप्रद इतिहास मुंबईच्या चरणजित सिंग यांचा आहे. १९६० च्या दशकापासून ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कळवाद्ये वाजवत होते; शंकर-जयकिशन, सचिन देव बर्मन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. चित्रपटाच्या गाण्यावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात, तर वाद्यवृंदातल्या वादकाला एका शिफ्टचे ठरलेले मानधन मिळे आणि तेथेच त्याचा त्या गाण्याशी असलेला संबंध संपे. पुढे ते गाणे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्याच्या वाट्याला आणखी काही येत नसे. स्वतःच्या नावावर संपूर्ण तबकडी काढण्याचा प्रयत्न अशा वादकाने करावा, यात कलेच्या ओढीइतकीच या व्यवस्थेतून बाहेर पडण्याची इच्छाही असणार, असे मानायला जागा आहे.

१९८० च्या आगेमागे हिंदी चित्रपटसंगीतावर डिस्कोची लाट आली होती. १९८० मध्ये ‘कुर्बानी’, १९८१ मध्ये नाझिया हसन यांची ‘डिस्को दिवाने’ ही ध्वनिमुद्रिका आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ असा तो काळ होता. याच सुमारास चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन यंत्रे आणली. त्यांपैकी टीआर-८०८ हे तालयंत्र होते. त्यावर सोळा बटणे असत आणि एका आवर्तनाच्या सोळा घरांपैकी ज्या घरात ठोका हवा तेथले बटण दाबले की यंत्र तो ठेका न थकता वाजवत राही. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर देऊ शकणारा सिंथेसायझर, म्हणजे विद्युत स्पंदनांपासून स्वर तयार करून त्यांचा पोत, चढ-उतार आणि विराम नियंत्रित करू देणारे कळवाद्य होते. तिसरे यंत्र टीबी-३०३ हे हातात मावेल असे, चंदेरी रंगाचे, एका वेळी एकच स्वर काढणारे. गिटारवादकाला सरावासाठी साथीला बास वाजवणारे कोणी नसेल तर त्याची उणीव भरून काढावी, एवढाच त्याचा हेतू होता.

हे शेवटचे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या पोटात सीक्वेन्सर असतो. सीक्वेन्सर म्हणजे आधी भरून ठेवलेली स्वरांची मालिका ठरलेल्या लयीत आपोआप वाजवणारी सोय. परंतु टीबी-३०३ मध्ये ही मालिका भरताना स्वर एका फेरीत आणि त्यांचे काळ दुसऱ्या फेरीत, असे स्वतंत्रपणे भरावे लागतात. हिंदुस्थानी संगीताच्या तालमीत स्वर आणि लय पहिल्या दिवसापासून हातात हात घालून येतात, तेव्हा त्या परंपरेत वाढलेल्या वादकाला ही विभागणी किती अवघड गेली असेल याची कल्पना करता येते. या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय आहे आणि ऐकणाऱ्याला ती मींडेसारखी वाटते. फरक एवढाच की मींड किती वेळ घ्यायची आणि मधल्या कोणत्या श्रुतीवर रेंगाळायचे हे गायक-वादक दर वेळी ठरवतो, तर यंत्रातली घसरण दोन स्वरांत अंतर कितीही असले तरी साधारण सारख्याच वेळात पुरी होते. याच्या जोडीला एक चाळणी असते, जी स्वरातली वरची स्पंदने अडवते किंवा सोडते. तिची मूठ फिरवली की तोच स्वर कधी दबका तर कधी चिरका होतो, आणि चाळणीची अनुनादाची मात्रा वाढवली की तो किंचाळल्यासारखा ऐकू येतो.

या तीन यंत्रांवर चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही दीर्घ तबकडी ध्वनिमुद्रित केली आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती प्रसिद्ध केली. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तिच्यात आहेत. तालयंत्राने दर मात्रेला पायठोका धरायचा, टीबी-३०३ ने रागाच्या स्वरांचा आवर्तनात फिरणारा पाया द्यायचा आणि त्यावर ज्युपिटर-८ वर हाताने रागविस्तार करायचा, अशी त्यांची रचना होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी मिडी ही सामाईक पद्धत १९८३ मध्ये आली, त्यामुळे तोपर्यंत रोलँडची यंत्रे त्या कंपनीच्या स्वतःच्या जोडणीनेच एका लयीत बांधावी लागत. स्वरभेदाचा प्रश्न मात्र कोणत्याही जोडणीने सुटणारा नव्हता: या यंत्रांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि तोडीतला अतिकोमल गंधार त्या भागांत बसत नाही. तरीही ही तबकडी रागांची थट्टा वाटत नाही, कारण वादकाने रागाची चाल सोडलेली नाही. स्वरांचे क्रम, न्यास आणि वर्ज्य स्वर यांबाबत तो दक्ष आहे, आणि श्रुतीची उणीव त्याने चाळणीच्या मुठीने बदलत जाणाऱ्या पोतातून भरून काढली आहे. भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीतातले हे अव्वल दर्जाचे काम आहे, हे निःसंकोचपणे म्हणता येते.

बाजारात ती चालली नाही. ध्वनिमुद्रण उत्तम होते, कंपनी देशातली सर्वांत मोठी होती, आणि वादक नावाजलेला नसला तरी संगीतकारांच्या वर्तुळात विश्वासाचा होता. अडचण अशी की शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला तिच्यातला पायठोका नको होता आणि डिस्कोच्या श्रोत्याला त्यात गाणे हवे होते. रात्रभर केवळ वाद्यसंगीतावर नाचणारा समाज तेव्हा मुंबईत जवळपास नव्हता, मग नागपूरचे तर बोलायलाच नको. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला गेला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आदींनी तेथे प्रयोग केले होते. त्या फिती संस्थेच्या संग्रहात चार दशकांहून अधिक काळ पडून राहिल्या आणि त्यांतले निवडक काम २०२३ मध्ये तबकडीरूपाने बाहेर आले. एका ठिकाणी संस्थेचा आश्रय होता, दुसऱ्या ठिकाणी व्यापारी कंपनीचे बळ होते. श्रोत्यापर्यंत जाणारी वाट मात्र दोन्हीकडे नव्हती.

पुढचा भाग सर्वज्ञात झाला आहे, तरी त्याचा अर्थ नेमका लावला जात नाही. टीबी-३०३ चे उत्पादन १९८४ मध्ये बंद पडले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे हेच यंत्र शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागले आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या ध्वनिमुद्रिकेने अ‍ॅसिड हाउस नावाची शैली जगभर गाजली. हाउस म्हणजे दर मात्रेला पायठोका असलेले, मिनिटाला साधारण १२० ते १३० मात्रांच्या गतीचे नृत्यसंगीत. अ‍ॅसिड म्हणजे त्यात टीबी-३०३ चा चिरका, वळसे घेणारा स्वर. एडो बाऊमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये भारतात चरणजित सिंग यांची तबकडी मिळाली, त्यांनी ती २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या आपल्या ध्वनिमुद्रिका कंपनीतर्फे पुन्हा प्रसिद्ध केली, आणि शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत असा ध्वनी निघालाच कसा या अचंब्यात काही श्रोत्यांनी तिला चक्क बनाव ठरवले. अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला, असे विधान त्यानंतर वारंवार केले गेले, आणि ते चुकीचे आहे. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती असे दर्शवणारे काही उपलब्ध नाही. एकाच यंत्राच्या अंगभूत गुणांनी दोन दूरच्या शहरांत मिळतेजुळते ध्वनी निर्माण झाले, इतकाच त्याचा अर्थ. शिकागोत तो ध्वनी शैली बनला याचे कारण तेथे क्लब होते, ते रेकॉर्ड वाजवणारे डीजे होते, छोट्या प्रमाणावर तबकड्या छापणाऱ्या कंपन्या होत्या आणि दर आठवड्याला परत येणारा श्रोता होता. चरणजित सिंग यांना युरोपच्या रंगमंचावर हे संगीत वाजवण्याची संधी मिळाली ती उतारवयात, आणि जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज नागपूरच्या एखाद्या वस्तीतल्या खोलीत हीच तीन यंत्रे सॉफ्टवेअरच्या रूपाने उघडता येतात. एफएल स्टुडिओ, अ‍ॅबलटन लाइव्ह किंवा लॉजिक यांसारख्या संगणकप्रणालींत ध्वनिमुद्रण, वादन, संपादन आणि मिश्रण एकाच पडद्यावर होते. हेडफोन, ध्वनी संगणकात घेणारी एक छोटी पेटी आणि कळपट्टी एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. प्रकाशनही वितरक सेवांमार्फत होते. वितरक म्हणजे ठरलेले शुल्क किंवा हिस्सा घेऊन गाणे स्पॉटिफाय, जिओसावन इत्यादी मंचांवर पोहोचवणारी कंपनी. ती प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक मिळवून देते, आणि जगात कोठेही ते गाणे वाजले तरी हिशेब त्या क्रमांकाखाली जमा होतो.

वाट खुली झाल्याच्या ठळक उदाहरणांपैकी दोन पुण्याची आहेत. हिंदुस्थानी गायनाची तालीम घेतलेल्या रित्विझ यांचे ‘उड गये’ हे गाणे २०१७ मध्ये एका मद्य-ब्रँडच्या पुरस्कृत मालिकेतून पुढे आले आणि एकट्याने घरात बनवलेल्या संगीताला देशभर श्रोता मिळाला. कृणाल घोरपडे, म्हणजेच क्रेटेक्स, यांनी हाउस संगीताला मराठी बोलीचा बाज देऊन त्याला एम-हाउस असे नाव दिले, आणि श्रेयस सागवेकर यांच्यासह केलेले ‘तांबडी चामडी’ हे गाणे २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रसिद्ध केले. त्याआधी २०१५ मध्ये न्यूक्लिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यन सागर यांनी ‘बास रानी’ हा संपूर्ण संग्रह विनामूल्य उतरवून घेण्यास दिला, रस्त्यावरच्या बाजाचे ठेके त्यात आणले आणि कमाई जाहीर कार्यक्रमांतून केली. या तिघांनीही परक्या शैलीची नक्कल करून नव्हे, तर आपल्या गल्लीतला, आपल्या बोलीतला किंवा आपल्या तालमीतला एखादा ध्वनी मध्यभागी ठेवून ओळख मिळवली. नागपूरच्या संगीतकाराने धुमालच्या ठेक्याकडे कमीपणाने पाहू नये, असे म्हणण्याचे कारण हेच.

मिळकतीचे गणित मात्र रूक्ष आहे आणि ते समजून घेतल्यावाचून या पेशात उतरणे धोक्याचे आहे. ऐकवणूक मंच वर्गणी आणि जाहिरातींतून आलेल्या पैशातला मोठा हिस्सा हक्कधारकांसाठी बाजूला काढतात व एकूण ऐकवणुकीत ज्याचा जितका वाटा तितकी रक्कम त्याला देतात; त्यामुळे एका ऐकण्याचा भाव स्थिर नसतो आणि जेथे वर्गणी कमी आहे अशा भारतासारख्या देशातून आलेल्या ऐकण्याला कमी पैसा मिळतो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या खात्यातून काहीच न देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणूनच बहुतेक स्वतंत्र संगीतकारांचे घर चालते ते जाहिरातींचे पार्श्वसंगीत, लघुपट, नाटक, इतरांच्या गाण्यांचे मिश्रण, शिकवण्या आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांवर. कार्यक्रमांच्या बाबतीत नागपूरचा संगीतकार दुहेरी पेचात सापडतो. मोठी मानधने मुंबई-पुण्याकडे आहेत आणि समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पार करून जाण्या-येण्याचा व राहण्याचा खर्च त्याच मानधनातून वजा होतो. घरच्या शहरात वाजवायचे तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सणासुदीला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मिळणारी मध्यरात्रीपर्यंतची सवलत बहुधा मिरवणुकांच्या वाट्याला जाते, आणि बंदिस्त सभागृहाचे भाडे नवख्याला पेलत नाही.

या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहणारी, आणि म्हणून येथे थोडे थांबून सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे कायद्याने एकट्या संगीतकाराला दिलेली भूमिका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात. संगीतरचना करणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन ते करवले त्या निर्मात्याचा असतो आणि तो प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. वाजवणाऱ्याचा प्रयोगकर्ता म्हणून असलेला हक्क ५० वर्षांचा आहे. चित्रपटसृष्टीत हे हक्क वेगवेगळ्या माणसांत वाटले जात आणि वादकाच्या हाती शिफ्टच्या मानधनाखेरीज काही पडत नसे. पण स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने गाणे करणारा संगीतकार हा रचनाकार, निर्माता आणि वादक असा तिन्ही नात्यांनी हक्कधारक असतो. २०१२ च्या दुरुस्तीने रचनाकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला आणखी संरक्षण दिले. आता वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणालाही तो देऊन टाकण्याचा करार टिकत नाही. सार्वजनिक ठिकाणी आणि मंचांवर वाजलेल्या रचनांची रॉयल्टी गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था करते, मात्र ती वाटली जाते नोंदवलेल्या सभासदांत आणि नोंदवलेल्या रचनांवर.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वरातींसाठी व मिरवणुकांसाठी प्रसिद्ध गाण्यांचे डीजे मिश्रण करून देण्यावर विदर्भातले कित्येक गुणी तरुण हात बसवतात. पण मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर त्याच्या मालकाची परवानगी लागते आणि ती नसेल तर असे मिश्रण लाखो वेळा ऐकले गेले तरी करणाऱ्याला त्यावर हक्क सांगता येत नाही. सराव म्हणून हे काम मोलाचे आहे, परंतु दहा वर्षे केवळ तेच करणे म्हणजे जुन्या वाद्यवृंदातल्या वादकासारखे दुसऱ्याच्या गाण्यात निनावी विरून जाणे होय. नागपूरच्या तरुणाने वर्षाकाठी चारच का होईना, पण स्वतःच्या रचना पूर्ण कराव्यात, मूळ फायली तारखेसह जपून ठेवाव्यात, गायक वा गीतकार सोबत असेल तर वाट्याची टक्केवारी गाणे बाहेर पडण्याआधी कागदावर लिहून घ्यावी आणि प्रत्येक रचनेची नोंद करावी. कारण २०२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क ३१ डिसेंबर २०८६ पर्यंत चालतो.